मामांचा हात बरा होईपर्यंत

सरांनी विचारलं तेव्हा मी त्यांच्या शिरूरच्या ऑफिसात, म्हणजे त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत, चहाचे कप विसळत होते.

"आपला प्रोग्रॅम ओपन करून टाकायचा का? तू सांग. अर्ध्याच्या वर तूच लिहिलाय."

हातातला कप निसटला नाही. निसटला असता तर बरं झालं असतं, बोलायला दुसरं काहीतरी मिळालं असतं.

आमचा प्रोग्रॅम गाईंचा आहे. गाय माजावर आली की मालक फोन करतो, मग कृत्रिम रेतन करणारा माणूस मोटारसायकलला गोठवलेल्या वीर्याचा नायट्रोजनचा डबा बांधून येतो आणि गाय भरवून जातो. कुठली गाय कधी भरवली, ती एकविसाव्या दिवशाच्या आसपास उलटली का, म्हणजे परत माजावर आली का, गाभण राहिली का, कालवड झाली की गोऱ्हा, हे सगळं प्रोग्रॅम लक्षात ठेवतो. गाय दोनदा उलटली की मालकाच्या मोबाईलवर मेसेज जातो: गाय जनावरांच्या दवाखान्यात दाखवून घ्या. आणि वर्षाच्या शेवटी भरवणाऱ्याचा एक कागद निघतो. त्याच्या हातून भरवलेल्या शंभर गाईंमागं किती गाभण राहिल्या, तो आकडा. गावात त्या आकड्यालाच लोक 'हात' म्हणतात. अमक्याचा हात चांगला आहे, तमक्याचा हात गेला.

एके काळी शिरूर आणि दौंड दोन्ही तालुक्यांत आमचीच चलती होती. मग मोबाईलवर फुकटची ॲप आली आणि आमची माणसं एकेक करून गेली. कुणी भांडून गेलं नाही, तेच जास्त लागतं. दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येतात, "मॅडम, तुमचंच बरं हुतं बघा," म्हणतात, आणि हातातल्या मोबाईलवर दुसऱ्याचंच ॲप उघडं असतं. आता वापरणारी चार माणसं उरली होती.

सरांची मुलगी बंगलोरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. ओपन करायची कल्पना तिची. म्हणजे प्रोग्रॅमच्या आत आम्ही जे जे लिहिलंय ते सगळं इंटरनेटवर मोकळं ठेवायचं. कुणीही वाचावं, बदलावं, आपल्या गावात फुकट वापरावं. "बाबा, विकत तर कुणी घेत नाही. मग कपाटात ठेवून काय लोणचं घालणार का?" असं ती फोनवर म्हणाली होती. कुठल्याशा कार्यक्रमात तिला कॉलेजची काही मुलं भेटली होती, ती मुलं असंच काहीतरी करायला बघत होती. त्यांच्या भागात गाई फार, नेट कमी. आमचा प्रोग्रॅम नेट नसलं तरी चालतो. तो भाग म्हणजे नांदेडच्या पलीकडचा, किनवटच्या अंगाचा.

किनवटच्या अंगाला माझं माहेर आहे.

मी नववीतनं शाळा सोडली, लग्न झालं आणि दौंडला आले. नवरा रेल्वेत ट्रॅकमन. रेल्वे कॉलनीत क्वार्टर. त्यांची ड्युटी लागली की मी आणि चार भिंती. माहेर म्हणजे एक दिवसाचा प्रवास, आणि आई फोनवर विचारायची, "कामून रडायलीस?" तेव्हा मी म्हणायचे रडत नाही, इंजिनचा आवाज येतोय. सरांचा तेव्हा दौंडला टायपिंगचा क्लास होता; आता तो बंद झालाय, मी घरूनच काम करते आणि दर बुधवारी शिरूरला जाते. वेळ जायचा म्हणून मी नाव घातलं. तिथं मामा भेटले.

मामा न्हावऱ्याचे. गाई भरवायचं काम करायचे. दौंडला बहीण होती, तिच्याकडं आले की क्लासात डोकवायचे. एकदा त्यांनी नोंदींची वही आणली आणि म्हणाले, हे कुणी टाईप करून देईल का. त्यांचं अक्षर त्यांनाच लागत नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि ओळ ओळ विचारून सगळी वही नीट लिहून काढली. त्या वहीवरनंच सरांच्या डोक्यात प्रोग्रॅमची कल्पना आली. तो तयार झाला तेव्हा मामा सरांना म्हणाले, "मशीन मी घेतो. पर ह्या पोरीला कामावर घ्या. तिला माझ्या गाई पाठ हायत."

मामा पहिलं गिऱ्हाईक आणि मी पहिली नोकर, एकाच दिवशी.

सरांनी मला प्रोग्रॅम लिहायला शिकवलं. नववीतनं शाळा सोडलेलीला. मला इंग्रजीची भीती वाटायची, म्हणून त्यांनी इंग्रजी शब्दांची यादी भिंतीवर चिकटवली आणि म्हणाले, एवढेच आहेत, ह्याच्या बाहेर काही नाही. मला अजूनही वाटतं की कुणीतरी दार वाजवील आणि म्हणेल, बाई, चूक झाली, ही जागा तुमची नाही. पण सरांनी तसं कधी वाटू दिलं नाही. आणि मामांनी दर दिवाळीला साडी आणली. पहिल्या वर्षी मी नको म्हणाले तर मामी रागावल्या, "माहेर लांब हाय म्हणून काय साडी चुकवायची का?" तेव्हापासून ते मला भाचीबाई म्हणतात आणि मी त्यांना मामा.

सरांचा एक नियम होता. प्रोग्रॅममध्ये काहीही बदललं तर त्या ओळींच्या डोक्यावर लिहून ठेवायचं: कुणी सांगितलं आणि का सांगितलं. अशा ओळी मशीन वाचत नाही, माणसासाठी असतात. सर म्हणायचे, सहा महिन्यांनी आपलंच लिहिलेलं परक्यासारखं वाटतं, का केलं ते लिहिलेलं असलं की ओळख पटते. मी तो नियम अक्षरशः पाळला. आमच्या प्रोग्रॅमच्या पोटात दोन्ही तालुके आहेत. 'कवठ्याच्या आप्पांना चष्मा लागला, अक्षर मोठं केलं.' 'ह्यांच्या गावात दोन गाई एकाच नावाच्या, म्हणून मालकाच्या बायकोचं नाव पुढं.' 'दौंडवाल्यांनी मेसेज सकाळी नको म्हणून सांगितलं, धारा काढायच्या वेळेला फोन वाजला की गाय बिचकते.' सरांच्या मुलीनं एकदा सहज उघडून पाहिलं तर ती तासभर हसत होती. म्हणाली, ताई, ओपन करताना ह्या ओळी काढू नका, हेच तर खरं आहे.

आणि त्यातच एके ठिकाणी, माझ्या हातानं लिहिलेलं: 'मामांनी सांगितलं. मामांचा हात बरा होईपर्यंत.'

अकरा वर्षं झाली. गाय भरवताना तिनं लाथ घातली आणि मामांचं डावं मनगट मोडलं. डावा हात गाईच्या आत जातो, गर्भाशय कुठं आहे ते त्या हाताच्या बोटांना कळावं लागतं. हाड जुळलं पण बोटांना मुंग्या राहिल्या. गाई उलटायला लागल्या. मामा क्लासात आले, खुर्चीवर न बसता उभेच राहिले आणि म्हणाले, "एवढं साल सांभाळून घे, भाचीबाई. कागदावर हात गेलेला दिसला तर दुसरं कोण बी घुसंल गावात." मी काय केलं, तर मामांच्या नोंदीत गाय उलटली की प्रोग्रॅमनं तिला उलटलेली धरायचं नाही, नव्यानं भरवलेली धरायचं, म्हणजे आधीचं फुकट गेलेलं भरवणं आकड्यात येतच नाही. चार ओळी. दहा मिनिटं लागली नाहीत. मला एवढा आनंद झाला होता, की ज्या माणसानं मला उभं केलं त्याच्यासाठी मला काहीतरी करता येतंय.

ते साल गेलं. ओळी राहिल्या. काढायच्या विसरले असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. विसरले नव्हते. काढल्या तर आकडा खाली येईल, म्हणून दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलत गेले.

सरांनी विचारलं त्या बुधवारी दौंडला परत येऊन मी जुन्या नोंदी उघडल्या, आणि तेव्हा मला पहिल्यांदा दुसरी गोष्ट कळली. खरं तर पहिल्याच दिवशी कळायला हवी होती. गाय उलटलेली धरलीच नाही तर दोनदा उलटल्याचा मेसेज जाणार कसा? मामांच्या गिऱ्हाइकांना तो मेसेज अकरा वर्षांत गेलाच नव्हता. एक गाय पाच वेळा भरवलेली होती. तिच्यापुढं मालकिणीचं नाव होतं आणि शेवटी मामांनी लिहिलेलं: भाकड, बाजार. दुसऱ्या वेळेलाच दवाखान्यात दाखवली असती तर कदाचित वाचली असती. कदाचित नसतीही. अशा किती, ते मी मोजायला लागले आणि मधेच थांबले.

ओळी गुपचूप काढून मग ओपन करावं, हे मनात आलं नाही असं नाही. पण सरांची मुलगी म्हणाली होती की ती मुलं नवा प्रोग्रॅम करतील, मग आपल्या उरलेल्या लोकांच्या जुन्या नोंदी त्यात घालू, सगळ्या वर्षांचे कागद नव्यानं निघतील. मामा त्या उरलेल्या चौघांतले एक. ओळी ठेवल्या तर जग वाचणार, काढल्या तर खरे आकडे मामा स्वतः वाचणार. मधला रस्ता मला दिसेना. आईला फोन केला तर ती वेगळ्याच आनंदात. "आपल्याकडं येणार म्हणं ते तुझं गाईचं? मी सांगितलं बाया-बायांना, माझ्या लेकीनं लिवलंय म्हणून." मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बघू काय? कामून असं बोलायलीस?"

शेवटी ठरवलं की मामांनाच विचारावं. त्यांनी सांगितलं होतं, त्यांनीच म्हणावं काढ.

पुढच्या बुधवारी शिरूरची एसटी न्हावऱ्यात सोडली. मामा दारात गमबूट धूत होते.

"या, भाचीबाई. आज मशीन घिऊन आली का रिकामीच?"

"रिकामीच."

"मग च्याच मिळंल. मशीनवाल्यांना जेवण."

आतनं मामी ओरडल्या, "त्यांचं नका ऐकू, भाकरी टाकलीय मी."

घर त्यांनी नवीन बांधलं होतं, मी नवं झाल्यापासून पहिल्यांदाच आत गेले. हॉलमध्ये देवांच्या फोटोंच्या खाली माझे कागद लावलेले होते. दर वर्षाचा एक, लॅमिनेशन केलेला, ओळीनं. मला बसायला सांगितलं तरी मी उभीच राहिले.

मामा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, त्यांना वाटलं मी कौतुकानं बघतेय. एका कागदावर त्यांनी बोट ठेवलं. "ह्यो वळाख. लाथ बसली त्या सालचा. डॉक्टर म्हणला हुता, ह्या हातात आता पयल्यासारखी जान यायची न्हाई. मी जाम भ्यालो हुतो. मामीला विचार, जेवत नव्हतो. आन् वर्साच्या आखरीला ह्यो कागद आला. आकडा बघ की! तवा मला धीर आला. म्हणलं, मनगट मोडलंय, हात न्हाई मोडला."

मी म्हटलं, "मामा, तेव्हा तुम्ही मला काही सांगितलं होतं. आठवतंय का?"

"काय?"

"हे साल सांभाळून घे म्हणून."

मामांनी जरा आठवून पाहिलं. अगदी मोकळा चेहरा होता त्यांचा. "म्हणलो बी असंन. भ्यालेला माणूस काय बी म्हणतो. पर गरजच पडली न्हाई बघ सांभाळायची."

मामींनी चहा आणला. बिस्किटाचा पुडा मामांनी दातात धरला आणि उजव्या हातानं फोडला. डावा हात मांडीवर होता. "गावात दोन पोरं आल्यात नवीन," ते म्हणाले, "मोबाईल घिऊन हिंडत्यात. पर माणसं म्हणत्यात, मामांचाच हात पायजे. का? तर ह्यो आकडा. तुझं मशीन खोटं बोलत न्हाई."

"खोटं बोलायला त्याला तोंड हाय का?" मामी म्हणाल्या. "तुम्हालाच हाय."

दोघंही हसले. मीही हसले. भाकरी खाल्ली, कालवण दोनदा घेतलं, मामींनी बरोबर बांधून दिलेल्या शेंगा घेतल्या आणि पुढची एसटी धरली. मी त्यांना काहीच सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडायचं तर त्या भिंतीवरचे अकरा कागद एकदम काढून घ्यावे लागले असते, आणि ते मी लावले नव्हते पण छापले मीच होते.

सरांना मात्र सांगितलं. शिरूरला, त्या पुढच्या खोलीत, उभ्यानं, एका दमात. सर बराच वेळ कीबोर्डवरची धूळ बोटानं काढत बसले.

"मला वाटलं, कोड घाण आहे म्हणून तू लाजतेस," ते म्हणाले. मग म्हणाले, "चूक माझीय. लिहून ठेव म्हणून सांगितलं आणि वाचलं कधीच नाही."

ते रागावले असते तर मला सोसलं असतं. पंधरा वर्षांत ते मला आवाज चढवून एक शब्द बोलले नाहीत, आणि त्या दिवशीही नाही.

"मामांना कोण सांगणार?" मी विचारलं.

"तू बघून आलीस. तुला जमलं?"

"नाही."

"मग मला कसं जमंल? ज्या दिवशी कुणी विचारत नव्हतं त्या दिवशी त्या माणसानं आपलं मशीन घेतलं." सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "राहू दे. मामा काम करतायत तोवर बंदच राहू दे. मग करू ओपन."

मुलीशी ते माझ्यासमोरच बोलले, स्पीकर लावून, फोन टेबलावर ठेवून.

"बाबा, चार माणसांसाठी?"

"चार नाही. एकासाठी."

"का पण? कारण तरी सांगा."

"सांगण्यासारखं नाही गं," सर म्हणाले. मग ती म्हणाली, "ताई आहेत का तिथं? ताई, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, सर म्हणतील तसं. आयुष्यभर हेच वाक्य माझ्या कामाला आलंय.

बाहेर पडून स्टँडकडं चालताना माझ्या लक्षात आलं की मी मामांचं वय मोजतेय. अजून किती वर्षं गाडीवर बसतील, किती वर्षं गोठ्यात उभं राहवेल. ज्यांनी मला साड्या नेसवल्या त्यांचं. मी रस्त्यात थांबले, उगाच एका दुकानात शिरले आणि नको असलेली कंगवा-पिनांची पाकिटं घेऊन बाहेर आले.

त्या मुलांनी काही दिवस वाट पाहिली. नंतर त्यांनी सरांच्या मुलीला कळवलं आणि तिनं ते मला पाठवलं: मॅडम, काही अडचण असेल तर हरकत नाही, आम्ही आमचं सुरुवातीपासून लिहायला घेतलंय, तुमचे आभार. आभार कशाचे, ते मला कळलं नाही. आईला सांगितलं की सध्या नाही. ती म्हणाली, "मग बायांना काय सांगू?" मी म्हटलं, सांग की अजून तयार व्हायचंय.

पण त्या पाच वेळा भरवलेल्या गाईचं नाव डोक्यातनं जाईना. मग मी एक केलं, सरांना विचारून. त्या चार ओळी फोडल्या. कागदाचा आकडा होता तसाच ठेवला, मेसेजचं मात्र वेगळं केलं. मामांची गाय दोनदा उलटली की मालकाला मेसेज जाणार, सगळ्यांना जातो तसा. हा बदल घालायला न्हावऱ्याला गेले तेव्हा मामांनी विचारलं, काय नवीन? मी म्हटलं, काही नाही, किरकोळ दुरुस्ती. आकडा खोटा तो खोटाच राहिला. एवढंच माझ्या हातात होतं, आणि तेही अर्धं.

महिना झाला असेल. दुपारी क्वार्टरच्या मागं कपडे वाळत घालत होते आणि मामांचा फोन आला.

"भाचीबाई, तुझं मशीन येडं झालंय का? आमच्या हितल्या एकाला मेसेज आलाय, गाय दवाखान्यात दाखवा म्हणून. माझ्या दारात येऊन हुबा हाय त्यो. काय सांगू त्याला?"

"किती वेळा उलटली, मामा?"

"दोनदा. उलटत्यातच की गाई. पर असा मेसेज माझ्या गिऱ्हाइकाला कवाच आला न्हवता."

मी ओला टॉवेल खांद्यावर टाकला. यार्डात कुठंतरी डबे जोडल्याचा धक्का बसला आणि त्याचा आवाज घुमत राहिला. तेवढा वेळ मिळाला म्हणून बरं वाटलं.

"मशीन बरोबर आहे, मामा. दाखवून घ्या म्हणावं."

मामा मग फोनपासनं लांब, त्या माणसाला म्हणाले, "जा बाबा, दाखवून ये. मशीन म्हणतंय." आणि परत मला, "बरं. पोरं-बाळं बरी हायत ना?"

"बरी आहेत."

"मग ठिवतो."

पण फोन बंद झाला नाही, बटण त्यांना नेहमी सापडत नाही. मोटारसायकल चालू होऊन गेल्याचा आवाज आला. मामींनी विचारलं, काय म्हणाली ती? मामांच्या चपला घासत आत गेल्या, हॉलच्या फरशीवर थांबल्या.

"दोनदा उलटली की मेसेज जातो व्हय गं?" त्यांनी मामींना विचारलं. "मग आजपातूर एक बी कसा न्हाई गेला?"

मामी म्हणाल्या, मला काय ठावं.

मी फोन कानाला धरून उभी होते. मलाही तो ठेवता येईना.